नळापासून हंड्यापर्यंत

पाण्याचा नमुना कसा घ्यायचा, हे आमच्या कामात सगळ्यात आधी शिकवलं जातं. नळाला नळी, फडकं, जाळी असं काहीही लावलेलं असेल तर ते काढायचं. तोटी आतून-बाहेरून स्वच्छ पुसायची. नळ धातूचा असेल तर स्पिरिटचा बोळा पेटवून त्याचं तोंड तापवायचं. दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्यायचं आणि मग निर्जंतुक बाटलीत, काठाला बोट लागू न देता, नमुना भरायचा. बाटलीत सोडियम थायोसल्फेट आधीच घातलेलं असतं. ते पाण्यातला क्लोरीन तिथल्या तिथे संपवतं. ते नसेल तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत क्लोरीन जंतूंना मारत राहतो आणि नळावरचं पाणी होतं त्यापेक्षा चांगलं दिसतं. नमुना बर्फाच्या पेटीत ठेवायचा आणि चोवीस तासांच्या आत तपासणीला लावायचा.

पद्धत बरोबर आहे, आणि ती पाळलीच पाहिजे. योजनेतून येणारं पाणी चांगलं आहे की नाही, एवढंच तिला सांगायचं असतं. पण मराठवाड्यातल्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत रसायनी म्हणून नोकरी करताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येत राहिली. ज्या पाण्याचा आम्ही अहवाल देत होतो, ते पाणी त्या घरात कुणी पीत नव्हतं.

आमच्याकडे पाणी रोज येत नाही. चार दिवसांनी, आठ दिवसांनी, उन्हाळ्यात त्याहून उशिरा येतं. आलं तरी दाब नसतो, म्हणून अंगणात खड्डा खणून नळ खाली घेतलेला असतो. त्या खड्ड्यातल्या नळाला नळी लावतात. ती अंगणातून, उंबऱ्यावरून, कधी गटारावरून जाते आणि टिपाडात, रांजणात किंवा सिमेंटच्या टाकीत सोडलेली असते. टाकी वर असेल तर मध्ये छोटी मोटर असते. नळाला पाणी आलं की घरातला प्रत्येक थेंब या नळीतूनच जातो. आणि आम्ही काय करायचो? नळी काढून बाजूला ठेवायचो, नळ तापवायचो, नमुना घ्यायचो आणि नळी परत लावून द्यायचो.

पुढे मी जिथे जमेल तिथे दोन नमुने घ्यायला लागले, एक नळाचा आणि एक नळीच्या टोकाचा. दुसऱ्या बाटलीवर तसं स्पष्ट लिहायचं, म्हणजे योजनेच्या अहवालात घोळ होत नाही.

एका वस्तीवरची सकाळ सांगते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक बरोबर होता. त्याने पहाटेच टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकलं होतं आणि त्याला त्याच्या कामाची खात्री होती. खड्ड्यातल्या नळाचं पाणी परीक्षानळीत घेतलं, ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले. गावात याला सगळे 'ओटी' म्हणतात. पाणी लगेच पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन होता आणि चांगला होता. जलसुरक्षक पोराच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. मग नळी लावली, अंगणभर पसरलेल्या हिरव्या वेटोळ्यांतून पाणी येऊ दिलं आणि टिपाडात पडणारं सुरुवातीचं पाणी दुसऱ्या परीक्षानळीत धरलं. तेवढेच थेंब टाकले. रंग आला नाही. परीक्षानळी पांढऱ्या कागदासमोर धरून आम्ही तिघं बघत राहिलो. घरातल्या ताई म्हणाल्या, "मॅडम, पाणी तर एकच आहे की हो."

पाणी एकच होतं, फक्त मध्ये नळी होती.

त्या नळीत काय घडतं, ते थोडं हिशेबाने सांगावं लागेल. एक मीटर लांब, रुंद आणि उंच अशी हजार लिटरची टाकी घ्या. ती भरली की पाणी तळाला आणि चार भिंतींना टेकतं. एका लिटरच्या वाट्याला साधारण पन्नास चौरस सेंटीमीटर भिंत येते. आता तेच एक लिटर पाणी अर्धा इंची नळीत भरा. ते बत्तीसशे चौरस सेंटीमीटर प्लॅस्टिकला टेकतं, म्हणजे साठ पटींहून जास्त. भिंतीवर जे काही असेल, प्लॅस्टिकमधून सुटणारं रसायन असो की चिकटलेले जंतू, ते पाण्यात मिसळायला नळीइतकी सोयीची जागा घरात दुसरी नाही. तीस मीटर लांबीच्या अर्धा इंची नळीत जवळजवळ पावणेचार लिटर पाणी मावतं, पाऊण इंचीत साडेआठ लिटर. नळ गेल्यावर त्यातलं बरंच पाणी खोलगट वेटोळ्यांत तसंच राहतं. पुढचं पाणी येईपर्यंत, म्हणजे कधी कधी आठवडाभर, ते उन्हात तापत पडतं. आणि पुढच्या वेळी टिपाडात सगळ्यात आधी तेच पडतं.

एकदा एका घरून टाकून दिलेली अशी नळी मी प्रयोगशाळेत आणली. पांढऱ्या फरशीवर ठेवून ब्लेडने ती उभी चिरली. वरून नळी हिरवी होती, उन्हाकडची बाजू पांढुरकी पडून कडक झाली होती आणि वाकवली की तिला बारीक भेगा दिसत. नळाजवळचा हात-दीड हात आतून बऱ्यापैकी स्वच्छ होता. पुढे मात्र तपकिरी-हिरवा थर सुरू झाला. बोट फिरवलं की बुळबुळीत लागायचा आणि नखाने खरवडला की पातळ पापुद्रा निघायचा. जिथे नळी जमिनीवर झोल खाऊन पडत असणार, तिथे थर जाड होता आणि त्यात वाळूचे कण रुतले होते. टिपाडात बुडणाऱ्या टोकाला काळे ठिपके होते. वास उग्र नव्हता, ओल्या मातीसारखा होता. म्हणूनच कुणाला संशय येत नाही.

हा थर म्हणजे जंतूंनी स्वतःभोवती तयार केलेली वसाहत, शास्त्रात तिला बायोफिल्म म्हणतात. आलेला क्लोरीन आधी या थरावर खर्च होतो. थर जाड असेल तर तो खालच्या जंतूंपर्यंत पोचतही नाही. शिवाय मऊ प्लॅस्टिकमध्ये मिसळलेल्या काही पदार्थांवर जंतू पोसले जातात, त्यामुळे अशा नळीत थर कडक पाइपपेक्षा लवकर धरतो. भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात उर्वरित क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा, आणि १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय अजिबात सापडता कामा नये. नळावर ही अट पूर्ण करणारं पाणी नळीच्या दुसऱ्या टोकाला तीच अट मोडू शकतं. उन्हाळ्यात मुलं त्याच नळीने अंगणात खेळतात. लेजिओनेला नावाचा जिवाणू २५ ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात वाढतो आणि तो पाणी प्यायल्यापेक्षा तुषार श्वासात गेल्याने फुप्फुसाला त्रास देतो. म्हणून तापलेल्या नळीतलं पहिलं पाणी मुलांच्या अंगावर उडवू नये, झाडाच्या बुंध्याशी सोडावं.

आता नळीच्या मालाबद्दल.

तालुक्याच्या हार्डवेअर दुकानात 'बागेचा पाइप' मागितला तर दुकानदार आधी विचारतो, "किलोवर देऊ की मीटरवर?" किलोवरचा स्वस्त. हातात घेतला तर जड लागतो, आणि गिऱ्हाइकाला जड म्हणजे मजबूत वाटतं. ते वजन बऱ्याचदा खडूच्या भुकटीचं, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या भरावाचं असतं. माल व्हर्जिन आहे की रिसायकल, हे विचारलं की खरं बोलणारा दुकानदार सरळ सांगतो, "ताई, झाडांना पाणी घालायला चालतो. प्यायला मी सांगणार नाही." असे दुकानदार मला भेटले आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण गिऱ्हाईक विचारतच नाही. त्याला लांबी, जाडी आणि भाव एवढंच हवं असतं.

पीव्हीसी मूळचं कडक असतं. त्याला मऊ करण्यासाठी प्लॅस्टिसायझर मिसळतात. लवचीक नळीत त्याचं प्रमाण वजनाच्या तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. स्वस्त मालात ते बहुधा थॅलेट वर्गातलं असतं. ते प्लॅस्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेलं नसतं, नुसतं मुरलेलं असतं, म्हणून हळूहळू बाहेर येतं आणि ऊन लागलं की वेगाने येतं. जुनी नळी कडक होते त्याचं एक कारण हेच, तिच्यातला मऊपणा कुठेतरी गेलेला असतो. यातलं डीईएचपी नावाचं थॅलेट पिण्याच्या पाण्यात लिटरला ८ मायक्रोग्रॅमहून जास्त नसावं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य आहे.

दुसरा पदार्थ स्टॅबिलायझर. पीव्हीसी तापवून ओढताना जळू नये म्हणून तो घालतात. चांगल्या मालात कॅल्शियम-झिंक किंवा ठरावीक कथिल संयुगं असतात. जुन्या आणि स्वस्त मालात शिशाची संयुगं असायची. केंद्र सरकारने २०२१ मध्ये पीव्हीसी पाइप आणि फिटिंगमधल्या शिशाच्या स्टॅबिलायझरविषयी नियम काढले, ते फार गरजेचं पाऊल होतं. पण जुन्या वायरींची आवरणं आणि भंगारातलं पीव्हीसी दळून जी नळी तयार होते, तिच्यात जुन्या मालातलं शिसंही येतं आणि जुनी थॅलेट्सही येतात. ज्या नळीवर बनवणाऱ्याचं नाव नाही, मानकाचा क्रमांक नाही, तिच्याबाबत दाद कुणाकडे मागणार? शिशाची पाण्यातली मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. तीही व्यवहारासाठी ठरवलेली रेषा आहे. लहान मुलांच्या मेंदूसाठी शिशाचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण आजवर ठरलेलं नाही. शिशाला रंग नाही, वास नाही, चव नाही. ओटीत ते दिसत नाही, पाणी उकळलं तरी जात नाही.

नळीच्या टोकाच्या पितळी निपलकडेही बघायला हवं. पितळ सहज कातलं जावं म्हणून त्यात थोडं शिसं मिसळायची जुनी रीत आहे. रात्रभर निपलमध्ये साचलेलं पाणी ते थोडं थोडं घेत राहतं. अमेरिकेत जानेवारी २०१४ पासून पिण्याच्या पाण्याच्या फिटिंगना पाण्याला टेकणाऱ्या पृष्ठभागात सरासरी ०.२५ टक्क्यांहून जास्त शिसं चालत नाही. बागेच्या सामानाला मात्र ही अट लागू नाही, कारण त्यातून कुणी पाणी पिणार नाही असं धरलेलं आहे. म्हणून तिथल्या बऱ्याच नळ्यांवर 'यातून पाणी पिऊ नका' असं छापतात, आणि फिरत्या घरगाड्यांसाठी पिण्याच्या पाण्याची नळी वेगळी विकतात, बहुधा पांढरी. ब्रिटनमध्ये जत्रा, मेळावे, तात्पुरत्या छावण्या यांच्या पाणीपुरवठ्यासाठी बीएस ८५५१ हे वेगळं मानक आहे आणि त्यात नळीचाही विचार आहे. आमच्याकडे ज्या नळीला बागेची म्हणून विकतात, तिच्यातून आमची गावं पाणी पितात. मग ती फक्त बागेसाठी आहे असं धरून आम्हाला कसं चालेल?

सगळ्यात जास्त नुकसान मात्र मी वासाने झालेलं पाहिलं.

एका गावातून तक्रार आली की पाण्याला औषधाचा वास येतो, लोक पीत नाहीत. गेले. एक आजी म्हणाल्या, "जखमेवर लावायचं ते डेटॉल असतं ना, तसलं पाणी येतंय बघ." लोकांनी ग्रामपंचायतीत भांडून टीसीएल कमी करायला लावलं होतं. जलसुरक्षक गोंधळून गेला होता, कारण तो ठरल्याप्रमाणेच टाकत होता. मी नळाचं पाणी चाखलं. त्याला क्लोरीनचा नेहमीचा हलका वास होता, बाकी काही नाही. नळीतलं पाणी चाखलं आणि आजींचं म्हणणं शब्दशः पटलं.

कारण रसायनात आहे. स्वस्त रबरी आणि प्लॅस्टिक नळ्यांतून फिनॉलच्या जातीची द्रव्यं अगदी सूक्ष्म प्रमाणात सुटतात. पाण्यातला क्लोरीन त्यांना भेटला की क्लोरोफिनॉल तयार होतात. यांची चव जिभेला आश्चर्य वाटेल इतक्या थोड्या मात्रेत कळते, २-क्लोरोफिनॉल लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम असलं तरी. डेटॉलमधलं मुख्य द्रव्य क्लोरोझायलेनॉल याच कुळातलं आहे. आजींच्या नाकाने अचूक निदान केलं होतं. बिचाऱ्या टीसीएलवर मात्र ठपका आला होता.

या ठपक्याची किंमत फार मोठी असते. वास नळीचा, शिव्या टीसीएलला, आणि मग टीसीएल कमी. पावसाळ्याच्या तोंडाला, वाहिनीत गळती असताना, गावाचं एकमेव संरक्षण लोक स्वतःच्या हाताने काढून टाकतात. पुढे जुलाब-उलट्यांचे रुग्ण दवाखान्यात आले की योजनेला दोष देतात. त्या गावात मी ग्रामपंचायतीसमोर दोन ग्लास ठेवले, एक नळाच्या पाण्याचा, एक नळीतल्या पाण्याचा, आणि सगळ्यांना वास घ्यायला सांगितलं. वाद तिथेच मिटला. टीसीएलची मात्रा पुन्हा पूर्वीसारखी झाली. काही घरांनी नळ्या बदलल्या. ज्यांना ते परवडत नव्हतं त्यांनी निदान पहिलं पाणी सोडून द्यायला सुरुवात केली.

नळीतून पाणी फक्त पुढेच जातं असं नाही, ते मागेही येतं. नळ खड्ड्यात, टिपाड वर, नळीचं टोक टिपाडात बुडलेलं. गावाचा पुरवठा बंद झाला की वाहिनी रिकामी होऊ लागते आणि टिपाडातलं पाणी त्याच नळीने उलटं वाहिनीत ओढलं जातं. डब्यातून नळीने रॉकेल काढलेल्या कुणालाही हे लगेच समजतं. शेजाऱ्याने मोटर लावली असेल तर ओढ आणखी वाढते. प्रशिक्षणात मी एका बादलीत पाण्यात कुंकू कालवायची, नळीचं टोक त्यात बुडवून ठेवायची आणि पुरवठा बंद करायला सांगायची. बाजूच्या खालच्या नळातून लाल पाणी आलं की वर्गात कुजबुज थांबायची.

ते कुंकू होतं म्हणून ठीक. शेतावरच्या वस्तीत तीच नळी फवारणीच्या बॅरलमध्ये सोडतात. औषध कालवताना टोक त्या द्रावणात बुडालेलं असतं. मागे ओढ बसली तर ते द्रावण वाहिनीत जातं. ओढ बसली नाही तरी मऊ पीव्हीसी अशी सेंद्रिय द्रव्यं शोषून ठेवतं आणि नंतरच्या पाण्यात हळूहळू सोडतं. नळी वरून कितीही धुतली तरी हे जात नाही. म्हणून फवारणीला वापरलेली नळी पिण्याच्या पाण्याला पुन्हा कधीही लावायची नाही, ही एक गोष्ट मी कुठेही, कुणालाही, न विचारता सांगते.

लातूरचा २०१६ चा उन्हाळा आम्ही मराठवाड्यातले लोक विसरणं शक्य नाही. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली आणि १२ एप्रिलला पहिली गाडी लातूरला पोचली. पन्नास हजार लिटरच्या दहा टाक्या, पाच लाख लिटर पाणी. त्या टाक्या आधी कोटा इथल्या रेल्वे कारखान्यात वाफेने धुतल्या होत्या. ते पाणी शुद्धीकरण केंद्रात नेलं आणि मग टँकरने वस्त्यांत पोचवलं. माणसांनी जिवाचं रान करून हे काम केलं. त्या काळापासून मी कुठेही टँकर पाहिला की त्याच्या नळीकडे बघते. वाघिणी धुतात, टँकर रंगवतात, त्यावर 'पिण्याचे पाणी' असं लिहितात. पण मागे लोंबकळणारी नळी रस्त्यावर घासत येते, चिखलात पडते, तिचं टोक कुणाच्याही हातातून विहिरीत, हौदात, सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत जातं. तिला झाकण नाही, ती ठेवायला जागा नाही, धुण्याचा दिवस नाही. पुण्या-मुंबईच्या मोठमोठ्या सोसायट्यांत टँकरच्या पाण्याचा तपासणी अहवाल मागतात, ते योग्यच आहे. पण तो अहवाल भरणा केंद्राचा असतो. टाकीत पडणाऱ्या पाण्याचा नमुना नळीच्या टोकाशी घ्या, असं सांगणारे पदाधिकारी मला अगदी थोडे भेटले.

आपल्या घरात पाण्याच्या भांड्याला केवढा मान असतो. हंडा चिंचेने, राखेने घासतात, पालथा घालतात, त्याला उष्टा हात लावू देत नाहीत. नळी हेही पाणी भरायचं भांडंच आहे, फक्त लांब आणि आतून न दिसणारं. तिला भांड्याचा मान मिळाला की बाकीच्या गोष्टी बायका मी सांगायच्या आधीच करू लागतात, हे मी बैठकांमधून अनुभवलं आहे. पाणी भरून झालं की नळी दोन्ही टोकांनी उचलून पूर्ण निथळवायची. सावलीत खुंटीला टांगायची, टोकांना स्वच्छ फडकं किंवा टोपण लावायचं. सुरुवातीचं पाणी झाडांना. टोक टिपाडात बुडवायचं नाही, काठापासून चार बोटं वर ठेवायचं. पिण्याची नळी वेगळी, धुण्याची-गुरांची वेगळी, आणि दोघींना वेगळ्या रंगाचा दोरा. आतून बुळबुळीत लागली, उन्हाने तडकली किंवा वास मारू लागली की टाकून द्यायची.

नवी घेताना काय घ्यावं? मऊच हवी असेल तर फूड ग्रेड लिहिलेली घ्यावी. पीव्हीसी अन्न आणि पिण्याच्या पाण्याच्या संपर्कात सुरक्षित कसं असावं, याचं मानक आयएस १०१५१ आहे आणि पॉलिइथिलीनसाठी आयएस १०१४६. घरच्या आरओ यंत्रातली पांढरी बारीक नळी बघा, ती पॉलिइथिलीनची असते. यंत्रात ही काळजी आणि यंत्राच्या टाकीला पाणी देणारी नळी मात्र किलोवरची, असं अनेक घरांत दिसतं. नळापासून टिपाडाची जागा ठरलेली असेल तर नळी नकोच. आयएस ४९८४ चा शिक्का असलेला काळा एचडीपीई रोल पाइप घ्यावा. हा पाइप पाणीपुरवठ्यासाठीच बनवतात आणि आपल्या गावांना तो ओळखीचा आहे. शेवटी एक तोटी बसवावी. बिनशिक्क्याचा काळा पाइप शेतासाठी विकतात, तो रिसायकल मालाचा असू शकतो, म्हणून पाइपवरची छपाई वाचूनच घ्यावा. किमतीत फरक पडतो हे खरं, पण एका दवाखान्याच्या फेरीपेक्षा तो कमीच असतो.

तरी सगळा भार घरावर टाकणं मला मान्य नाही. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींच्या पाणीपुरवठ्याचं स्वच्छता सर्वेक्षण वर्षातून दोनदा होतं आणि जोखमीप्रमाणे लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. त्या सर्वेक्षणात नळ्यांचा वेगळा रकाना असावा. काही घरांत नळीच्या टोकाचा ओटी घेऊन तो नोंदवावा. टँकरच्या करारात फूड ग्रेड नळी, टोकाला टोपण आणि नळी जमिनीला न टेकता अडकवायचा हूक या तीन अटी लिहाव्यात. आणि फवारणीच्या औषधांच्या दुकानात एक ठळक सूचना लावावी की फवारणीची नळी पिण्याच्या पाण्याला नको. यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही.

जल जीवन मिशनने २०१९ पासून प्रत्येक ग्रामीण घराला माणशी रोज ५५ लिटर, मानकाप्रमाणे शुद्ध पाणी नळाने देण्याचं उद्दिष्ट ठेवलं. ते पूर्ण अर्थाने साधलं, पाणी रोज आणि दाबाने आलं, तर खड्डाही बुजेल आणि नळीही जाईल. माणूस हंडा थेट तोटीखाली धरेल. तो दिवस यावा म्हणून काम करणाऱ्या प्रत्येकाबद्दल मला आस्था आहे. तोवर योजनेचं काम नळापाशी संपलं असं आपण म्हणू नये. नळापासून हंड्यापर्यंतचं पाणीही तपासायचं, त्याचाही अहवाल द्यायचा, आणि तो घरच्या माणसाच्या हातात ठेवायचा. आज प्रयोगशाळेत जे तरुण रसायनी येतात त्यांना मी एवढंच सांगते: नळी काढून एक नमुना घ्या, आणि नळी लावून दुसरा घ्या.